कलिंगड आणि खरबूज : गोडी वेलीवरची

महाशिवरात्र उलटली की बेळगावात रस्त्यांच्या कडेला कलिंगडांच्या राशी दिसू लागतात, आणि पाडव्यापर्यंत खडे बाजारापासून शहापूरपर्यंत असा नाका शोधावा लागतो, जिथे ताडपत्रीच्या सावलीत हिरवा ढीग आणि त्यावर कापून ठेवलेले लाल अर्धे फळ नाही. आमच्या नात्यागोत्यात आणि शेजारीपाजारी फळे निवडण्याचे काम बहुतेक वेळा माझ्याकडे येते आणि दर उन्हाळ्यात तेच प्रश्न विचारले जातात : ठोकून नेमके काय कळते, देठ बघायचा की रंग, खरबुजाचा वास किती यायला हवा, आणल्यावर फ्रीजमध्ये ठेवायचे की बाहेर. या सगळ्या प्रश्नांची उत्तरे एकाच गोष्टीतून निघतात, म्हणून ती गोष्ट आज सविस्तर लिहिते आहे.

कलिंगडाची गोडी वेलीवर ठरते आणि देठ कापला त्या घटकेला ती कायमची ठरून जाते. आपल्याला आंब्याची आणि केळ्याची सवय असते. पाडाला आलेला आंबा आढीत घातला की आठवड्याभरात तो पिवळा आणि गोड होतो, कारण त्याच्या गरात साठलेला स्टार्च तोडणीनंतरही साखरेत बदलत राहतो. कलिंगडाच्या गरात असा साठाच नसतो. पानांनी उन्हात तयार केलेली साखर वेलीतून थेट फळात येते, आणि वेलीपासून फळ सुटले की ती आवक थांबते. खरबुजाच्या बाबतीत थोडी फसगत होते, कारण ते तोडल्यानंतर मऊ पडते, त्याचा वास वाढतो आणि त्यामुळे घरी ठेवल्यावर ते पिकले असे वाटते. पण साखर त्याचीही वाढत नाही, कच्चे तोडलेले खरबूज फार तर मऊ आणि फिके होते. त्यामुळे गिऱ्हाइकाच्या हाती एवढेच उरते की वेलीने आपले काम पुरे केले होते का, हे फळाच्या अंगावरच्या खुणांवरून ओळखायचे, आणि घरी आणल्यावर आहे ती गोडी बिघडू द्यायची नाही.

माझे माहेर चिकोडी तालुक्यातले आणि मामांचे शेत कृष्णेच्या काठापासून फार लांब नाही. पूर्वी नदीचे पाणी ओसरले की वाळूत खड्डे घेऊन, त्यांत शेणखत भरून वेल लावत, असे आज्जी सांगायची. रात्री झटकन थंड होणाऱ्या त्या वाळूतल्या फळांच्या चवीबद्दल ती फार आदराने बोलत असे. मामा आता गादीवाफ्यावर मल्चिंग पेपर (जमीन झाकणारा प्लास्टिकचा कागद) अंथरून ठिबकवर कलिंगड घेतात. लागवड डिसेंबरअखेर ते जानेवारीत होते आणि साधारण ७५ ते ९० दिवसांत फळे उतरतात. वेलीवर आधी नर फुले येतात, मागाहून मादी फुले, आणि मादी फुलाच्या खाली अगदी बारीकसे फळ आधीपासूनच दिसत असते. ते फूल एकच दिवस उघडे राहते. त्या दिवशी सकाळी मधमाश्या पुरेशा आल्या नाहीत, तर फळ धरत नाही किंवा एका बाजूने फुगून दुसऱ्या बाजूने चेपल्यासारखे राहते. फुलोऱ्याच्या काळात मामा सकाळच्या वेळी शेतात कोणतेही औषध फवारू देत नाहीत, त्याचे कारण हेच आहे. बाजारात वेडेवाकडे, एका टोकाला निमुळते झालेले कलिंगड दिसले की ते मी बाजूला ठेवते, कारण त्याच्या आत गर आणि गोडी दोन्ही बहुधा असमान निघतात.

फळ धरल्यापासून ते तयार व्हायला हवामान आणि जात यांप्रमाणे ३० ते ४० दिवस लागतात. तोडणीच्या दिवशी मामांच्या मागोमाग सरीतून चालणे हे माझ्या मते कलिंगड निवडण्याचे सर्वांत चांगले शिक्षण आहे. ते प्रत्येक फळाजवळ उकिडवे बसतात, आणि हात लावण्याआधी देठापाशी वेलीला फुटलेली कुरळी बाळी बघतात. ती बाळी टोकापासून बुडापर्यंत वाळून तपकिरी झाली असेल तरच पुढची तपासणी होते. टोक वाळले आहे पण बूड अजून हिरवे आहे, अशा फळाला ते आणखी काही दिवस देतात. मग फळ देठ न मुरगळता अलगद थोडे कलते करून जमिनीला टेकलेला भाग बघतात, एकदा टिचकी मारतात आणि मगच सुरीने देठाचा तुकडा ठेवून ते कापतात. फळ ओढून तोडले तर देठाशी जखम होते आणि तिथून ते लवकर सडते. तोडणीच्या आधीचे काही दिवस ते पाणीही कमी करत आणतात, म्हणजे गर पाणचट होत नाही.

आमच्या सीमाभागात या सगळ्यावर वळवाचा हात फिरतो. एप्रिल सुरू झाला की दुपारी ढग जमतात आणि संध्याकाळी गडगडाटासह जोराची सर येते. बेळगावकरांना ती सर आवडते, मलाही आवडते, पण तयार झालेल्या कलिंगडाला ती चांगली नाही. पक्व फळ एकदम पाणी ओढून घेते, त्यामुळे गोडी फिकी पडते आणि काही फळे वेलीवरच तडकतात. म्हणून मार्चमध्ये मी जेवढ्या निश्चिंतपणे कलिंगड घेते तेवढ्या निश्चिंतपणे मेमध्ये घेत नाही, आणि पाऊस झाला असेल तर विक्रेत्याला माल कधीचा आहे हे आवर्जून विचारते. "अक्का, पावसाच्या आदी उतरलेला माल हाय बगा, देठ बगा की ओ," असे सांगून त्याने देठ पुढे केला की त्याच्या शब्दाइतकाच देठही बोलका असतो : ताजा कापलेला देठ हिरवट आणि ओलसर दिसतो, आणि चार-सहा दिवसांपूर्वीचा पूर्ण वाळून आक्रसलेला असतो. एक लक्षात ठेवायचे, वाळलेला देठ हा माल जुना असल्याचाही पुरावा असू शकतो, त्यामुळे एकट्या देठावरून पक्वतेचा निकाल देऊ नये. देठासोबत वेलीचा तुकडा आणि बाळी राहिली असेल तर मात्र ती अवश्य बघावी.

बाजारात बाळी क्वचितच दिसते, म्हणून मी सर्वांत जास्त विश्वास पोटावरच्या डागावर ठेवते. फळ ज्या बाजूने टेकलेले असते त्या बाजूला ऊन लागत नाही आणि तिथे साल हिरवी होत नाही. कोवळ्या फळाचा हा डाग पांढुरका किंवा फिकट हिरवा असतो, आणि फळ पुरते तयार होईपर्यंत वेलीवर राहिले तर तो पिवळट, कधी चांगलाच गडद पिवळा होतो. अनेकजण हा डाग म्हणजे खोट समजून ते फळ परत ठेवतात, आणि नेमकी चांगली फळे ढिगात मागे राहतात. मल्चिंग पेपरवर वाढलेल्या फळांवरही हा डाग येतो. डाग पिवळा असून साल चकचकीत न राहता थोडी मंद झाली असेल, तर निम्म्याहून जास्त परीक्षा झाली असे मी धरते. मात्र विक्रेता ओल्या फडक्याने फळे पुसत असेल तर चमक बघण्यात अर्थ नाही.

त्यानंतर वजन. एकाच ढिगातली, एकाच जातीची आणि एकाच आकाराची दोन फळे दोन हातांत घ्यावीत, आणि जे जड लागेल ते ठेवावे. कलिंगडात सुमारे ९१ टक्के पाणी असते. फळ जुने झाले की ते पाणी कमी होत जाते, गर रवाळ न राहता भुसभुशीत होतो आणि वजन हाताला लगेच जाणवते. आमच्याकडे रस्त्याकडेला कलिंगड बहुधा नगावर मिळते, त्यामुळे जड फळ निवडण्यात पैशांचाही फायदा आहे.

टिचकीबद्दल खूप बोलले जाते, पण ती शेवटी मारावी असे माझे मत आहे. फळ डाव्या तळहातावर धरून उजव्या हाताच्या मधल्या बोटाच्या पेराने ठोकले, तर कच्च्या फळातून उंच, टणटणीत आवाज येतो. तयार फळाचा आवाज खोल आणि भरीव असतो, आणि ठोकल्याचा हलका कंप खालच्या तळहाताला लागतो. जास्त पिकलेल्या फळात तो कंप मरतो आणि आवाज भदभदीत येतो. एकच फळ ठोकून हा फरक कळत नाही. ढिगातली चार-पाच फळे ओळीने ठोकली की कान आपोआप तुलना करू लागतो. जाड सालीच्या मोठ्या फळाचा आवाज पातळ सालीच्या लहान फळापेक्षा वेगळाच असतो, म्हणून वेगवेगळ्या जातींची तुलना करू नये. गडद हिरव्या, गोल आणि आटोपशीर शुगर बेबीची जात बरीच जुनी आणि सर्वांच्या ओळखीची आहे. बंगळूरजवळ हेसरघट्ट येथील भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने काढलेल्या अर्का माणिक जातीची फळे फिकट हिरवी, गडद पट्ट्यांची आणि मोठी होतात. अलीकडे मात्र बाजारात लांबट, काळपट हिरवी संकरित फळे सर्वांत जास्त दिसतात, आणि तीन-चार माणसांच्या घराला ती सोयीची पडतात, कारण एका बैठकीत संपतात.

कापून ठेवलेले अर्धे फळ बघून ढिगातले दुसरे फळ घेणाऱ्यांनी एवढे जाणून घ्यावे की त्या दोन फळांचे शेतही एक असेल असे नाही. शिवाय त्रिकोणी काप काढून दाखवलेले फळ तासाभरात खाणार असाल तरच घ्यावे, कारण दिवसभर उघड्यावर फिरलेली ती सुरी आतपर्यंत गेलेली असते. लाल रंग सुईने टोचतात, अशा चित्रफिती दर उन्हाळ्यात मोबाइलवर फिरतात आणि लोक घाबरून फळच टाळतात, याचे मला फार वाईट वाटते. सुईने सोडलेला रंग गरात सगळीकडे सारखा पसरत नाही, आणि सालीला छिद्र पडलेले फळ उन्हात फार टिकत नाही. कापल्यावर गराच्या मधोमध दिसणारी मोठी भेग हीसुद्धा भेसळीची खूण नसते. फळधारणा अपुरी झाली किंवा वाढीच्या काळात हवामान कमीजास्त झाले की ती भेग पडते आणि तिच्या कडेचा गर उलट बऱ्याचदा चांगला गोड लागतो. तरीही शंका असेलच, तर कापसाचा बोळा गरावर फिरवून बघावा. तो गडद लाल झाला तर ते फळ खाऊ नये.

खरबुजाची परीक्षा वेगळी आणि मला जास्त आवडणारी, कारण तिथे नाक कामाला येते. जाळीदार सालीचे खरबूज पूर्ण तयार झाले की देठापासून आपोआप सुटू लागते, आणि सुटल्यावर तिथे स्वच्छ, गोल, थोडी खोलगट खळी राहते. देठाचा तुकडा घट्ट चिकटलेला असेल किंवा खळीच्या जागी फाटल्यासारखे दिसत असेल, तर फळ वेळेआधी तोडलेले आहे असे समजावे. जाळीची नक्षी उठावदार असावी आणि जाळीखालची साल हिरवी न राहता पिवळसर किंवा बदामी झालेली असावी. मग फळ उलटे करून देठाच्या विरुद्ध टोकाचा, म्हणजे फुलाकडच्या टोकाचा वास घ्यावा. तिथे गोडसर वास स्वच्छ यायला हवा. काहीच वास नसेल तर फळ कच्चे, आणि आंबूस, दारूसारखी झाक येत असेल तर ते उतरलेले. त्या टोकाला अंगठा अगदी हलका टेकवला तर किंचित लवचीकपणा जाणवतो, पण प्रत्येक फळ दाबून बघण्याची जी सवय काही गिऱ्हाइकांना असते ती सोडायला हवी, कारण दाबलेल्या जागी दुसऱ्या दिवशी डाग पडतो आणि नुकसान त्या गरीब विक्रेत्याचे होते. गुळगुळीत सालीच्या काही जातींची फळे पिकूनही देठ सोडत नाहीत. त्यांच्या बाबतीत रंग, वजन आणि वास यांवरच अवलंबून राहावे लागते.

घरी आणलेले अख्खे कलिंगड फ्रीजमध्ये कोंबू नये. साधारण १० अंशांखालच्या थंडीत ते बरेच दिवस राहिले तर रंग उतरतो, चव जाते आणि सालीवर खड्डे पडतात. हवेशीर, सावलीच्या जागी ते आठवडाभर सहज टिकते. शहापुरातल्या माझ्या काकूंच्या वाड्यात अजून चालती विहीर आहे, आणि तिथे पाहुणे येणार असले की सकाळीच कलिंगड बादलीत घालून पाण्याशी टेकवून ठेवतात. दुपारपर्यंत ते जितके गार होते तितकेच पुरते. विहीर नसेल तर ओल्या पंच्यात गुंडाळून वाऱ्यावर ठेवावे, किंवा कापायच्या आधी दोन-तीन तास फ्रीजमध्ये ठेवावे. बर्फासारख्या गार फळाची गोडी जिभेला कमी लागते, त्यामुळे फार गार करून आपणच चांगल्या फळाला फिके ठरवतो. पिकलेले खरबूज मात्र दोन दिवसांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये.

कापण्याआधी साल धुणे ही गोष्ट घरोघरी टाळली जाते, कारण साल खायची नसते. पण फळ जमिनीवर वाढलेले, टेम्पोतून आलेले आणि रस्त्यावर मांडलेले असते, आणि सुरी सालीवरून थेट गरात जाते. खरबुजाच्या जाळीत तर माती आणि जंतू अडकून बसतात. २०११ साली अमेरिकेत कोलोरॅडो राज्यातल्या एका शेतावरच्या खरबुजांतून लिस्टेरिया हा जिवाणू पसरला आणि ३३ माणसे दगावली. वाहत्या पाण्याखाली स्वच्छ ब्रशने चोळून, कोरड्या फडक्याने पुसून, मग कापावे, एवढी खबरदारी तरी घ्यावीच. या दोन्ही फळांत आंबटपणा फार कमी असल्याने कापलेल्या फोडींत जंतू झपाट्याने वाढतात. फोडी दोन तासांच्या आत झाकून फ्रीजमध्ये जायला हव्यात, आणि पारा ३२ च्या वर असेल तर एका तासात. आपल्याकडे एप्रिलच्या दुपारी तो ३५ पर्यंत पोहोचतो, तेव्हा गाड्यावर सकाळपासून कापून ठेवलेल्या फोडी मुलांना घेऊन देऊ नयेत, असे मी स्पष्टच सांगते.

आता कापण्याबद्दल. कलिंगडाचा मधला भाग सर्वांत गोड असतो आणि सालीकडे जाऊ तशी गोडी कमी होत जाते. आडवे काप काढून त्यांचे तुकडे केले की कुणाच्या ताटलीत नुसता मधला गर जातो आणि कुणाच्या वाट्याला कडेचा फिका. म्हणून मी फळ देठापासून खालच्या टोकापर्यंत उभे चिरते, त्या अर्ध्याचे पुन्हा उभे दोन भाग करते, आणि मग प्रत्येक चौथाईच्या लांब, होडीच्या आकाराच्या फोडी काढते. प्रत्येक फोडीच्या वरच्या धारेवर मधला गर येतो आणि सगळ्यांना सारखी गोडी मिळते. बिया काढायच्या असतील तर फोड आडवी ठेवून नीट बघावे : बिया गरभर विखुरलेल्या नसतात, मधला गर आणि कडेचा गर यांच्या मधून एका रेषेत बसलेल्या असतात. सुरी त्याच रेषेवरून चालवली की वरचा भाग बिनबियांचा सुटा होतो आणि खालच्या भागावर उघड्या पडलेल्या बिया चमच्याच्या दांड्याने एका झटक्यात निघतात. लहान मुलांसाठी आणि म्हाताऱ्या माणसांसाठी मी नेहमी असेच करते. पांढऱ्या, मऊ बिया दिसल्या म्हणून फळ कच्चे ठरत नाही. कमी बियांच्या जातींत त्या तशाच असतात.

पहिली फोड मी काहीही न लावता खाते. दुसऱ्या फोडीवर चिमूटभर मीठ आणि संकेश्वरी मिरचीचे तिखट अगदी हलक्या हाताने भुरभुरावे. संकेश्वर इथून तासाभराच्या अंतरावर, हुक्केरी तालुक्यातले; तिथल्या मिरचीचा वास आणि तिखटपणा कलिंगडाच्या पाण्याशी असा जमतो की चाट मसाल्याची आठवण राहत नाही. फळ जरा फिके निघाले असेल तर मीठ आणि लिंबाचे चार थेंब त्याला सावरून घेतात. साखर घालून त्याचा रस करणे मला पटत नाही. १०० ग्रॅम कलिंगडात जेमतेम ३० कॅलरी आणि साडेसात ग्रॅमच्या आसपास कर्बोदके असतात, भर उन्हाळ्यात इतके हलके आणि पाणी देणारे खाणे दुसरे नाही, आणि त्यात वरून साखर ओतण्यात काय साधते?

खरबूज मात्र नुसते खाण्याइतकेच पानकातही, म्हणजे गुळाच्या पन्ह्यातही शोभते, आणि ही विद्या मला आमच्या शेजारच्या कन्नड अक्कांनी दिली. रामनवमीला त्यांच्याकडे पानक आणि कोसंबरी (भिजवलेल्या डाळीची कोशिंबीर) असते, आणि खरबुजाचे पानक तर दारात येणाऱ्या प्रत्येकाला मिळते. साधारण किलोभर वजनाचे चांगले पिकलेले खरबूज उभे चिरून बियांचा गाभा चाळणीत काढावा आणि वरून वाटीभर पाणी घालत चमच्याने घोळावा, कारण बियांभोवतीच्या त्या चिकट रसातच वास आणि गोडी सर्वांत जास्त असते आणि बहुतेक घरांत तोच कचऱ्यात जातो. गर चमच्याने खरवडून हाताने कुस्करावा. अक्का मिक्सर लावू देत नाहीत, आणि तोंडात येणारे गराचे छोटे तुकडे हीच या पानकाची मजा आहे. अर्धी वाटी गूळ पाण्यात विरघळवून गाळून घ्यावा, त्यात कुस्करलेला गर, चाळणीतला रस, दोन पेले माठातले पाणी, अर्धा चमचा वेलची पूड, पाव चमचा सुंठ आणि मिठाची कणी घालून अर्धा तास तसेच राहू द्यावे. गुळाचे प्रमाण खरबुजाच्या गोडीवर ठरते, म्हणून आधी गर चाखावा आणि मग गूळ मोजावा.

कलिंगडाची हिरवी साल सोलून टाकल्यावर जो पांढरा भाग राहतो, तो फेकू नये. त्याच्या बारीक फोडी करून मोहरी, हिंग, कढीपत्ता आणि हळदीच्या फोडणीत झाकण ठेवून शिजवल्या, वरून तिखट, गुळाचा खडा, दाण्याचे कूट आणि ओले खोबरे घातले की दुधीच्या जवळ जाणारी, पण जरा जास्त करकरीत भाजी होते. हाच भाग किसून, चार तास भिजवलेल्या तांदळाबरोबर वाटून काढलेले डोसे आमच्याकडे भाजीहून जास्त खपतात. दोन वाट्या तांदळाला दोन वाट्या कीस पुरतो, वेगळे पाणी फारसे लागत नाही, आणि तव्यावर थोडे जाडसर घालून झाकण ठेवले की जाळी पडते. खरबुजाच्या बिया धुऊन, सावलीत वाळवून, सोलून ठेवल्या की त्यांचा मगज थंडाईला होतो. सोलण्याचे काम किचकट आहे, हे खरे. त्या बिया पेरण्यासाठी ठेवू नयेत, कारण संकरित फळाच्या बीजातून तसेच फळ पुन्हा येत नाही.

कोणतेही खरबूज, काकडी किंवा (कारल्यासारखे मुळातच कडू सोडून) त्या कुळातले फळ कडू लागले, तर मात्र पहिल्या घासालाच थांबावे. हा कडवटपणा कुकर्बिटासिन नावाच्या द्रव्यांचा असतो, ती पोटाला घातक असतात आणि साखर किंवा मीठ घातल्याने जात नाहीत.

मृग लागला की मी कलिंगड आणणे बंद करते. तेव्हा मिळणारी फळे दिसायला चांगली असली तरी पाण्याची असतात. मग श्रावण-भाद्रपदात, चोर्ला घाटातून गोव्याकडचे पाहुणे गणपतीला येतात तेव्हा, त्यांच्या पिशवीतून चिबूड येते. चिबूडही खरबुजाच्याच जातकुळीचे, पण पावसाळ्यात वाढणारे, पिवळ्या सालीचे आणि पिकले की स्वतःहून तडकणारे. गोव्यात चतुर्थीच्या माटोळीला, म्हणजे गणपतीच्या वर फळाफुलांनी सजवलेल्या चौकटीला, ते टांगलेले असते. त्याचा वास खोलीभर पसरतो, पण गर पिठूळ आणि गोडीला बेताचा असतो, म्हणून त्याला गुळाची सोबत लागते. तडकलेले चिबूड त्याच दिवशी संपवायला हवे : बिया काढून गराच्या लहान फोडी कराव्यात, एका नारळाचा घट्ट रस काढून त्यात गूळ आणि वेलची विरघळवावी, आणि वाढायच्या जरा आधी फोडी त्यात सोडाव्यात, कारण जास्त वेळ राहिल्या की त्या विरघळून रस पातळ होतो.